पाठमोरे उडीसर

उडीसर मुलींच्या उड्या कधी पाहत नसत. खोक्यावरून उडी मारायची वेळ आली, की ते मुलींकडे पाठ करून उभे राहत आणि फक्त ऐकत. ईशान, रेवा, तुम्हा नातवंडांना हे विचित्र वाटेल. मलाही वाटलं होतं.

आपल्या इमारतीमागच्या मैदानावर ते मुलींना फुटबॉल शिकवत. सकाळचं फिरणं झालं, की मी तिथल्या बाकावर बसत असे. चेंडू मिळण्याआधी उड्या ठरलेल्या: खोक्यावर, खोक्यावरून खाली आणि जमिनीला पाय लागताच पुन्हा वर. त्याने पहिली धाव झटकन निघते, हेडरला उंची मिळते, असं ते सांगत. पण त्यांचं लक्ष सगळं खाली येण्यावर. "उडी कुणीबी मारतंय की. उतरायचं कुणी?" कुणी धप्पकन आदळली, की पाठमोरेच म्हणत, "कोण ग ती? मार्केट यार्डात जोंधळ्याचं पोतं टाकलं जणू." मुली हसत, आणि पुढची जरा हलकी उतरे.

त्यांचा स्वतःचा उजवा गुडघा पुरता वाकत नसे. तरुणपणी, उन्हाने दगड झालेल्या जमिनीवर, दुखत असूनही ते उड्या मारत राहिले होते. त्याबद्दल एकदाच बोलले. "आमच्या वेळी थांब म्हणणारं कोण नव्हतं, बाई."

मी शाळेत शिकवत होते हे कळल्यावर त्यांनी मलाही कामाला लावलं. "बाई, वर्गात पाठ करून फळ्यावर लिहिताना कोण बोलतंय ते तुम्हाला कळायचं न्हवं? मग मिटा डोळे." मी मिटले. काही दिवसांनी मला खरंच ऐकू येऊ लागलं. नीट उतरलेल्या मुलीच्या दोन पायांचा मिळून एकच आवाज येतो, तोही मऊ.

आपल्या वरच्या मजल्यावरची सानिका त्यांची सगळ्यात चपळ खेळाडू. जिल्ह्याच्या संघाची निवड रविवारी होती आणि घरात तिच्या नव्या बुटांची पूजासुद्धा झाली होती. त्या आठवड्यात ती उतरली, तेव्हा मला दोन आवाज आले. एक आधी, एक किंचित मागून.

"सानिके, कंचा गुडघा?" सरांनी न वळता विचारलं.

"कुठलाच न्हाई ओ सर. बूट नवे हायत."

"बाई, तुम्हाला काय ऐकू आलं?"

मी डोळे उघडले. सानिका माझ्याकडेच पाहत होती. तिचा रविवार माझ्या एका शब्दावर होता.

"दोन," मी म्हटलं.

सरांनी तिला निवडीला पाठवलं नाही. तिची आई आमच्या दारात येऊन म्हणाली, "तुमाला काय पडलं होतं ओ मधी बोलायचं?" सानिका जिन्यात भेटली तरी मान वळवून जाई. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. ती संपल्यावर सरांनी तिला एका विटेवरून उतरायला लावलं. रोज वीटच. ती रागाने उतरे, सर पाठ करून ऐकत. पुढच्या निवडीला ती गेली आणि संघात आली. त्या संध्याकाळी पेढे घेऊन आली. "आजी, सरांनी दिलेत," म्हणाली. पेढे तिनेच आणले होते, हे मी ओळखलं.

निवृत्तीनंतर उडीसर सांगोल्याला भावाच्या डाळिंबाच्या बागेत राहायला गेले. निघण्याच्या सकाळी मुलींनी ओळीने उड्या मारल्या. सानिका शेवटी उतरली. तेव्हा ते पहिल्यांदाच वळले आणि म्हणाले, "कोण उतरलं का न्हाई, ते बघायला वळलो."

हे सगळं आज लिहायचं कारण, ईशान, तू पाठवलेला सरावाचा व्हिडिओ. उडी उंच आहे, आजोबांनी दोनदा पाहिली. मी मात्र नंतर डोळे मिटून ऐकली. मला दोन आवाज आले, बाळा. शनिवारच्या सामन्याआधी आईला गुडघा दाखव. माझ्यावर रागावलास तरी चालेल.