गाडीवरचं राजनंदिनी

“आज्जे, माझं नाव काढू नगं.”

माझ्या हातात नायलॉनचा दोरा होता. आमच्या जीपच्या मागच्या दारावर ‘राजनंदिनी’ अशी प्लास्टिकची चंदेरी, उठावाची अक्षरं चिकटवलेली होती. त्यातली ‘रा’ आणि ‘ज’ मी काढली होती. ‘नं’च्या मागं दोरा घातला होता. आणि बोलली ती माझी नात, ईश्वरी. चार वर्षांची, पायरीवर भाकरी खात बसलेली. तिला अजून ‘अ’सुद्धा ओळखता येत नव्हता.

“तुझं नाव ईश्वरी हाय, भवाने. हे दुसऱ्या पोरीचं. गप खा.”

“माझंच हाय. आई हाक मारती ती मला आर्धीच ऐकू याया लागलीया.”

तिची आई, म्हणजे माझी सून सुजाता, मागं परड्यात धुणं धूत होती. ती हाक मारत नव्हती. मी वळून बघितलं तर भाकरी खाली पडलेली. पोरीचे डोळे उघडे, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. हाका मारल्या, हलवलं, गालावर चापट दिली... काही नाही. श्वास चालू होता. अंग मात्र भर दुपारी गार.

मी चौथी शिकलेली बाई. भूत, करणी, लागीर यातलं काही मी आयुष्यात मानलं नाही. कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी येते. त्यामुळं हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी ना नाही. मी पण हसलेच असते.

आमचं घर उंब्रजपासून जरा आत, रस्त्याला लागून. मुलगा संपत फौजेतून सुटून आला आणि त्यानं आटपाडीच्या एका माणसाकडून जुनी लाल जीप घेतली. आमच्याकडं गाडीवर घरातल्या लाडक्या पोराचं नाव टाकतात. विकताना ते नाव आधी काढून ठेवतात, परक्याच्या दारात जाऊ देत नाहीत. तो माणूसही म्हणाला होता, “जरा थांबा, पोरीचं नाव काढून देतो.” पण दुसऱ्या दिवशी अमावस्या. अमावस्येची गाडी घरी आणायची नाही, म्हणून संपत म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, आमी काढतो,” आणि नावासकट घेऊन आला.

त्या जागी ईश्वरीचं नाव टाकायचं होतं. संपत ब्लेड घेऊन बसणार होता, पण गॅरेजवाल्यानं त्याला झापलं होतं. ब्लेड लावलं की रंगाचं वाटोळं. गरम पाण्याचं फडकं अक्षरावर धरायचं, डिंक मऊ झाला की मागून दोरा करवतीसारखा ओढायचा, उरलेला डिंक खोबरेल चोळून काढायचा, मग साबणाचं पाणी. संपतला धीर कुठला? म्हणून मी बसले. ‘रा’ काढताना वाकला, तो मी पाणी तापत होतं त्या चुलीत टाकला. अक्षर निघालं तरी नाव जात नव्हतं. आटपाडीच्या उन्हानं सगळा लाल रंग विटला होता, अक्षराखालचा तेवढा गडद राहिला होता. त्यामुळं ‘राज’ तिथं दिसतच होतं.

तर, पोरगी अशी पडलेली. सुजाता ओल्या हातानं धावत आली. “ईशू, ईशू” करून तिचा घसा बसला. संपत दवाखान्यात न्यायला गाडीची किल्ली शोधायला लागला. मला तेव्हा काय सुचलं ते आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, “आधी त्या आटपाडीवाल्याला फोन लाव. त्याची पोरगी कशी हाय इचार.”

“आई, ही काय येळ हाय व्हय?”

“लाव म्हणते न्हवं!”

त्यानं लावला. पलीकडून तो माणूस रडतच बोलला. पोरगी सांगलीला दवाखान्यात. ताप डोक्यात गेलाय. सकाळपर्यंत आईनं नावानं हाक मारली की डोळे उघडत होती. आता थोड्या वेळापासून हाक ऐकूच येत नाही तिला. डॉक्टर म्हणतात, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

संपतनं फोन ठेवला.

“डबलटेप आण,” मी म्हणाले.

‘नं’ अजून निम्मा चिकटलेला होता, तो दाबून बसवला. ‘ज’ टेपनं लावला. ‘रा’ कुठून आणणार, त्याची राख झालेली. मग बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंटचा डबा आठवला. खोबरेल लागलेल्या जागेवर तो धरेना. साबणानं धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि त्या गडद राहिलेल्या आकारात बोटानं रंग भरत गेले. संपत म्हणाला, “आई, समदी गाडी खराब हुईल गं.”

“होऊ दे.”

कान्याची रेघ खाली ओढली आणि सुजाताच्या मांडीवरून आवाज आला, “माझी भाकरी कुणी सांडली?”

पोरीचं अंग गरम होतं, डोळे जागेवर. तिला काहीच आठवत नव्हतं. उंब्रजच्या डॉक्टरनं तपासलं, म्हणाला, ऊन लागलं असेल. पायरीवर सावली असते. संध्याकाळी आटपाडीवाल्याचा फोन आला. पोरगी हाकेला ‘ओ’ देत होती.

सुजाता म्हणते, ईशूनं कुठंतरी काही ऐकलं असेल. कुठं? ती पोर आजारी आहे हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आटपाडीवाला म्हणतो, औषध लागू पडलं. असेल. मला तर यातलं काहीच उलगडत नाही, आणि आता मी डोकंही चालवत नाही. गाडी आम्ही विकली नाही. नाव तसंच आहे, ‘रा’ पिवळा आणि वेडावाकडा.

पुढं बरी झाल्यावर राजनंदिनीला घेऊन तिचे आईवडील आमच्याकडं आले. पोर आमच्या गावात पहिल्यांदाच आलेली. अंगणात उतरली, माझ्याकडं बघितलं आणि बापाला म्हणाली, “आबा, ह्याच त्या आज्जी. माझं नाव रंगवत हुत्या आन् शिव्या घालत हुत्या.”

शिव्या मी घालत होते, हे खरं आहे. अमावस्येला, संपतला, देवाला. वर हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. आटपाडीवाल्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

आईनं तिला जवळ ओढलं. चहा तसाच राहिला आणि लवकरच ते निघून गेले.

राजनंदिनी जिवंत आहे. ईश्वरी जिवंत आहे.