स्वतःसाठी फाळा मागायचा नाही

पूर ओसरल्यावर आमच्या कचेरीत मदतफेरी सुरू झाली, तेव्हा माझं स्वतःचं घर गुडघाभर चिखलात होतं. आणि त्या मदतफेरीचं काम माझ्याकडे होतं.

बडोद्यात गुजराती माणसं वर्गणीला फाळो म्हणतात. आम्ही मराठी घरांतल्यांनी त्याचा फाळा केला. राज्य सरकारच्या एका कचेरीत मी सीनिअर क्लार्क. सैनिकांसाठीचा निधी असो, कुठल्या वादळाची मदत असो, फाळ्याचं काम माझ्याकडेच यायचं. माझे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, एवढ्यावरून कोणीतरी गमतीत सैनिकनिधीचा डबा माझ्या हाती दिला आणि तो माझ्याकडेच राहिला. मला ते काम आवडायचं. त्याचे नियम पाठ होते आणि नव्याने रुजू झालेल्यांना मी ते समजावून सांगायचे. फाळा फक्त सरकारने ठरवलेल्या निधीसाठीच. जबरदस्ती कोणावरही नाही. साहेबांनी हाताखालच्या माणसाच्या टेबलाशी जाऊन मागायचं नाही. कोणी काय दिलं ते तिसऱ्याला कळू द्यायचं नाही. आणि कचेरीतलाच कोणी अडचणीत असला, तरी त्याच्यासाठी परवानगीशिवाय कचेरीत फाळा करायचा नाही. ती परवानगी गांधीनगरहून यावी लागते.

यजमानांना फुप्फुसांचा आजार होता. एका कारखान्यात ते फिटर होते, आजारामुळे नोकरी सुटली होती. घरात पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन असायचं, हवेतूनच ऑक्सिजन ओढून नळीने नाकाशी पोचवणारं. त्याच्या घरघरीची इतकी सवय झाली होती, की वीज गेली की आम्ही दोघं एकदमच मान वर करायचो. मग छोटा सिलिंडर जोडायचा आणि वीज यायची वाट बघायची.

विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं ते सकाळी. आधी गटारातून वर आलं, मग दाराखालून. आमचं घर तळमजल्यावर. शेजारच्या पोरांनी यजमानांना खुर्चीसकट वरच्या मजल्यावर नेलं, मी सिलिंडर घेऊन मागे. परत खाली आले तर पाणी पलंगाला टेकलं होतं आणि मशीन एका अंगावर कलंडून अर्धं बुडालं होतं. मी ते ओढायला गेले. जिन्यातून शेजारी ओरडला, "बेन, वायरिंग आहे, हात लावू नका!" मी हात मागे घेतला आणि पाण्यात तशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी होडी आली. पाण्यात मगर दिसल्याचं कोणी तरी सांगितलं होतं, त्यामुळे होडीशिवाय बाहेर पडायला कोणी तयार नव्हतं. तिथून सरकारी हॉस्पिटल. तिथे वऱ्हांड्यातसुद्धा खाटा होत्या. डॉक्टरांनी यजमानांना सावरलं आणि सांगितलं, "घरी ऑक्सिजन चालू ठेवा, बंद पडू देऊ नका." आमचं घर कुठे होतं? माझा भाऊ निजामपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. तो हॉस्पिटलच्या दारातच म्हणाला, "ताई, सरळ आमच्याकडे चला."

मशीन कुठेच मिळेना. मांडवीपासून अलकापुरीपर्यंत मी औषधांची दुकानं पालथी घातली. "आख्ख्या शहराची बुडाली आहेत, बेन. नवा माल कधी येईल ते आम्हालाच माहीत नाही." ज्याच्याकडे येणार होतं, त्याला सगळी रक्कम आधी हवी होती. आमची शिल्लक आदल्या वर्षीच्या हॉस्पिटलने संपवली होती. सरकार मशीनचं बिल देतं, पण बिल मिळण्यासाठी आधी मशीन विकत घ्यावं लागतं.

म्हणून सिलिंडर. रिकामा झाला की रिक्षात घालून भरून आणायचा, तोवर दुसरा चालू. सकाळी भाऊ जायचा, दुपारच्या सुट्टीत मी. एकदा भरलेला सिलिंडर पायांशी धरून मी रिक्षात बसले होते आणि फतेहगंजच्या पुलाशी सगळं ठप्प झालं. भावाचा फोन आला. "ताई, काटा लालवर आलाय. किती वेळ लागेल?" मागून यजमानांचा आवाज ऐकू येत होता, शब्द नव्हते, नुसता ओढून घेतलेला श्वास. मी रिक्षावाल्यावर ओरडले. तो बिचारा म्हणाला, "बेन, उडून जाऊ का?" मी खाली उतरले, समोरच्या गाड्यांच्या काचांवर थापा मारत सुटले, "जाऊ द्या, पेशंट आहे, जाऊ द्या." लोक रिक्षात डोकावत होते आणि त्यांना पेशंट दिसत नव्हता.

पोचले तेव्हा यजमान निळसर पडले होते. नवी नळी जोडल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "अगं... चप्पल... कुठे?" मी अनवाणी जिने चढून आले होते. चपला रिक्षातच राहिल्या होत्या.

तिथून मी पुन्हा कचेरीत गेले. रजा शिल्लक नव्हती, आणि नोकरी गेली तर पुढे सगळंच संपत होतं.

कचेरीच्या हॉलमध्ये पूरग्रस्तांसाठीच्या सामानाचा ढीग होता. ब्लँकेटं, बादल्या, तांदळाच्या पिशव्या. एक दिवसाचा पगार निधीत जाणार होता, ज्याला नको असेल त्याने तसं लिहून द्यायचं होतं. मी टेबलाटेबलाशी जाऊन ते समजावत होते. "सक्ती नाही. मनात असेल तरच." माझा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. ब्लँकेटांच्या गठ्ठ्यांना दोरी बांधताना एकदा वाटलं, आपल्या गल्लीतल्या लोकांना यातलं काही पोचेल का? गठ्ठे बंद करून जिल्ह्याच्या कचेरीत द्यायचे, तिथून पुढे ते ठरवतील, असा नियम होता.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गुजराती बेनला सगळं ठाऊक होतं. तिने एके सकाळी मला न सांगता मिठाईचा रिकामा खोका घेतला आणि मशीनच्या पैशांसाठी टेबलाटेबलाशी फिरायला लागली. मला कळलं तेव्हा ती हॉलच्या टोकाला होती. मी उठून तिला थांबवायला हवं होतं. मी उठले नाही. टेबलावरच्या फाइलीत मान घालून मी प्रत्येक थांब्यावर खोक्याच्या झाकणाचा आवाज ऐकत राहिले.

फिक्स पगारावर नव्याने लागलेली एक मुलगी होती. बाजव्याहून यायची. पहिली काही वर्षं ठरावीक, तुटपुंज्या पगारावर काढावी लागतात, तसल्या नोकरीत. खोका तिच्यापाशी गेला तेव्हा मी मान वर केली. तिने पर्स उघडली, आत बघितलं, बंद केली. पुन्हा उघडली. आजूबाजूला सगळे बघत होते. मला तिचं चाललंय काय ते नीट कळत होतं, आणि तरी मनातून मी म्हणत होते, दे गं, दे.

तिने दिलं. त्यानंतर मी तिच्याकडे बघू शकले नाही.

दुपारी साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. खोका त्यांच्या टेबलावर होता आणि ते त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

"बेन, हे मला चालू देता येणार नाही," ते मला म्हणाले. "मी इथे आलो तेव्हा तुम्हीच मला हे नियम समजावलेत."

शेजारची बेन भडकली. "साहेब, ह्या पूरग्रस्त नथी? बाहेर पूरग्रस्तांसाठीच ढीग लावलाय ना?"

"मला दिसतंय. पण उद्या माझ्याच घरी आजारपण आलं आणि खोका फिरला, तर नाही कोण म्हणेल? जो तो माझ्या धाकाने देईल. मी गांधीनगरला परवानगीसाठी आजच लिहितो. तोवर हे ज्याचं त्याला परत."

मला त्या मुलीची पर्स आठवली. साहेबांचं बरोबर होतं. ते बरोबर होतं म्हणूनच मला आणखी रडू आलं. माणसाला कोणावर तरी चिडता यायला हवं. मी म्हणाले, "साहेब, परवानगी येईपर्यंत ते राहणार नाहीत."

बेन खोका उचलून बाहेर गेली आणि टेबलाटेबलाशी जाऊन परत करू लागली. ते बघणं देताना बघण्यापेक्षा अवघड होतं. काहीजण घ्यायला तयार नव्हते, ती त्यांच्या फाइलींवर ठेवून पुढे जात होती. सगळं परत होईपर्यंत मी केबिनच्या दाराशी उभी होते. साहेब मागून हळूच म्हणाले, "पैशाचा फाळा नको. पण कोणाकडे मशीन नुसतं पडून असेल आणि ते वापरायला दिलं, तर मी त्याला फाळा म्हणणार नाही. विचारून बघा."

विचारायचं मलाच होतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांसाठी बिनदिक्कत मागितलं होतं, कधी जीभ अडखळली नाही. आता हॉलच्या मधोमध, ब्लँकेटांच्या ढिगाशेजारी उभी राहिले. "कोणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे का? वापरात नसलेलं. माझ्या यजमानांसाठी हवंय. परत देईन." एवढंच कसंबसं बोलले. पंखे फिरत होते. कोणाकडेच नव्हतं. लोकांनी माना खाली घातल्या, मीही माझ्या जागेवर जाऊन बसले.

कचेरी सुटायच्या वेळी ती बाजव्याची मुलगी माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, आमच्या शेजारी एक काकू आहेत. मराठीच आहेत. काकांना लागायचं मशीन. काका गेले मागे. पण त्या कोणाला हात लावू देत नाहीत त्याला. तुम्ही येऊन बघाल?"

मी तिच्या स्कूटीवर मागे बसून बाजव्याला गेले. त्या बाईंचे यजमान रिफायनरीत होते, जळगावकडून तरुणपणी इथे आलेले. मशीन खोलीच्या कोपऱ्यात होतं, वर धुतलेली चादर घडी न मोडता घातलेली. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण त्यांनी ऐकून घेतलंच नाही. "नळी जुनी आहे, ती बदला," त्या म्हणाल्या. "आणि मागची जाळी धुवावी लागते. तुम्हाला माहीतच असेल." मग चादर काढता काढता थांबल्या. "मी देत नाहीये हं. वापरायला देतेय. परत आणा."

"आणते," मी म्हणाले.

"म्हणजे... लवकर नका आणू." असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

निजामपुऱ्यात मशीन लावलं तेव्हा यजमान पहिली काही मिनिटं डोळे मिटून पडले. मग म्हणाले, "आपल्यापेक्षा... आवाज कमी आहे." फिटरचा कान. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा उशीला टेकून, धापा न टाकता जेवले. आम्ही घरातला चिखल उपसला, भिंती वाळल्या, तरी मी त्यांना तिथे परत नेलं नाही. खाली उतरवायची छाती होत नव्हती.

हिवाळा त्यांनी काढला. उत्तरायण झालं, तारांवर अजून पतंग अडकलेले होते, तेव्हा एका दुपारी मशीन चालू असूनही त्यांना श्वास पुरेना. आम्ही हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथून ते आले नाहीत. आपल्याला काहीच करता आलं नाही, असं मी म्हणू शकत नाही, लोकांनी खूप केलं. पण माझ्या मनात अजून ते कलंडलेलं मशीन आहे, आणि मागे घेतलेला हात.

गांधीनगरहून उत्तर आलं ते त्यानंतर. परवानगी नव्हती, नकारही नव्हता, अधिक माहिती मागवली होती. साहेबांनी मला दाखवलं नाही. शेजारच्या बेनने सांगितलं. त्या वर्षी फाळ्याचं काम दुसऱ्या कोणाला द्या, असं मी सांगितलं आणि साहेबांनी कारण विचारलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी मशीन पुसलं, जाळी धुतली, नवी नळी लावली आणि भावाबरोबर बाजव्याला गेले. कचेरीतली ती मुलगी घरी होती, तिनेच पलीकडे हाक मारली. काकू दारात आल्या, मशीनकडे बघितलं आणि काय झालं असेल ते त्यांना कळलं. भाऊ मशीन आत ठेवून रिक्षा थांबवायला गेला. काकूंनी मला बसवलं आणि विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का हो त्यांना?"

इतक्या लोकांनी सांत्वन केलं होतं, पण हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. हॉस्पिटलच्या दुपारपासून मागे मागे जात राहिले, आणि त्या मधूनमधून "आमचेही तसेच" एवढंच म्हणत होत्या. भाऊ दोनदा दारात येऊन गेला. शेवटी काकूच त्याला म्हणाल्या, "रिक्षा सोडून द्या. भाकरी टाकते, जेवूनच जा दोघं."