चैत्र, वैशाख आणि अक्कांचा आवाज

आमच्या ह्यांच्या संगणकाला मी सवत म्हणते, आणि उगाच नाही म्हणत. दीपनगरच्या वीजकेंद्रात ह्यांनी, म्हणजे प्रेमराजांनी, जन्मभर युनिक्सवर चालणारी मोठाली संगणक-मशीनं सांभाळली. निवृत्त होताना भंगारात निघालेलं त्यातलंच एक धूड लिलावात घेतलं नि पिंप्राळ्याच्या घरात आणून ठेवलं. सुरू केलं की शेजारच्या नूतनला वाटतं, आम्ही पिठाची गिरणी घातली!

गेल्या श्रावणात ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या, भागाबाई अक्कांच्या, घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आवाज जाईल. अक्का धरणगावच्या. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी एका रात्रीपुरती घरी बसते, तिची गाणी म्हणावीत तर अक्कांनीच. त्या वर्षी कानबाई आमच्याकडे बसणार होती, ऑपरेशनच्या आधीच.

"भाऊ, मना आवाज ठेव रे," अक्का ह्यांना म्हणाल्या. "बठ्ठा ठेव, अर्धामुर्धा नको."

मी म्हटलं, मोबाईलवर घ्या की. तर हे म्हणाले, "दीपमाला, मोबाईलला मधेच कुणाचा तरी फोन येतो. माझं मशीन कुणाचा फोन घेत नाही." घ्या! निघाली सवत बाहेर.

पण तिचीही एक खोड होती. त्या जुन्या मशीनला दोन जीबीच्या पुढे एक फाईल वाढवता येत नाही. तिथं पोचली की लिहिणं बंद, मग अक्का गात असोत की रडत. आणि रात्रभराची गाणी तर त्याच्या कितीतरी पुढे जाणार. ह्यांनी तोड काढली. आवाज सरळ एका फाईलीत न टाकता वाटे करणाऱ्या प्रोग्रामात सोडायचा. एक फाईल भरली की तो आपोआप दुसरी उघडतो. मशीन मागच्या खोलीत, माईक देवीपुढे. अक्का रात्रभर गायल्या. सकाळी उंबऱ्यात त्यांनी कानबाईच्या निरोपाचं गाणं म्हटलं नि माझा बांध फुटला.

चार फाईली झाल्या, चौथी छोटीशी, फक्त निरोपाची. मशीननं दिलेली वेडीवाकडी नावं ह्यांना आवडेनात, म्हणून ह्यांनी ओळीनं महिन्यांची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवली: चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. मग मशीनला हुकूम सोडला, सगळ्या जोड.

ऑपरेशननंतर अक्का आमच्याकडे आल्या. गळ्याला पट्टी, तोंडातून शब्द नाही. दुपारी ह्यांनी कौतुकानं गाणी लावली, आणि पहिलंच वाजलं ते निरोपाचं. अक्कांचा चेहरा उतरला.

हे दचकले. मग कपाळावर हात मारला. मशीनला कुठला चैत्र नि कुठला वैशाख! त्यानं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं जोडलेलं. ए चा आषाढ सगळ्यांच्या पुढे, व्ही चा वैशाख शेवटी.

"अहो, एवढं शिकून बारशाला चुकलात!" मी ओरडले.

"आत्ता नीट करतो, अक्का," हे उठले. तेवढ्यात निरोप संपून चैत्र लागला. कानबाई घरात येत होती, अक्का तिला ठसक्यात बोलावत होत्या. अक्कांनी ह्यांचा हात धरला. मान हलवली. राहू दे.

दोन दिवस आम्ही ते ऐकलं. निरोप होऊन गेला होता, पुढे कुणी जाणारच नव्हतं. अक्का स्वतःच्याच आवाजाला ओठ हलवून साथ देत होत्या. ते बघून मला सोसवेना, तरी तिथून हलवेना.

वैशाख संपत आला. गाण्यामधल्या विसाव्यात बायका हसत होत्या, नैवेद्याचा माझा रोट करपला त्यावरून. त्या गलक्यातून अक्कांचा खणखणीत आवाज आला, "दीपमाला, चहा ठेव वं! अजून रात बाकी शे."

आणि फाईल संपली. अक्कांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मी उठले नि चहा ठेवला.