आठ लुमांच्या जागी झाडं

रशीदचाचा झाडांशीही ओरडून बोलायचे. "काय गो, आज मान का टाकलीस?" असं ते पामच्या झाडाला विचारायचे, तेव्हा रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायचा. चाळीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. नारपोलीच्या या लूमवस्तीत तसं कुणालाच येत नाही, पण चाचांचा आवाज त्यातही वरचा होता.

त्यांचा आठ लुमांचा कारखाना होता. धंदा बसला, लूम भंगारात गेले आणि रिकामी शेड माझ्याकडे भाड्याने आली. मी शाळेत चित्रकला शिकवते. दिघाशीच्या आमच्या घरात मोठा कागद पसरायलाही जागा नव्हती, म्हणून मला ती शेड म्हणजे राजवाडाच वाटला. त्यांच्या मुलाला खरं तर जागा गोडाऊनला द्यायची होती. चाचांनी हट्ट धरला. "गोडाऊनवाला कुलूप लावून जाईल. ही पोरगी बसून काम करील," एवढंच त्यांचं म्हणणं. मुलगा बापापुढे गप्प बसला, पण मला पहिल्याच दिवशी बजावून गेला, "मॅडम, अब्बांना जपा. त्यांचा जीव इथे रमतोय तोवर जागा तुमची. नाही रमला, तर मग मला माझं बघावं लागेल."

शेड फार ओकीबोकी दिसत होती. दोन-चार झाडं आणावीत असं मी चाचांसमोर बोलून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेलार गावच्या नर्सरीतून टेम्पोच आला. नेचे, मनी प्लांट, पाम, रंगीत पानांचं अळू. चाचांनी ती कुठे मांडावीत? जिथे जिथे लूम होता, बरोबर तिथे. आठ लूम, झाडांचे आठ घोळके, आणि मध्ये कारागिराला फिरायला लागते तेवढीच गल्ली.

"चाचा, उजेड त्या खिडकीतून येतो. मला तिथे बसायचंय."

"तिथं तीन नंबर हाय," चाचा म्हणाले. विषय संपला. मी मुकाट्याने गल्लीत बसून चित्रं काढू लागले.

तेव्हापासून ते रोज सातला डबा घेऊन ड्युटीवर हजर. झाडांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, नंबर ठाऊक होते. "पाच नंबर मलूल हाय. दोनला पानी जादा झालं." आजूबाजूच्या कारखान्यांतली रुई उडून पानांवर बसायची. ती ते ओल्या फडक्याने एकेक पान तळहातावर धरून पुसायचे. माझ्या चित्रांबद्दल त्यांचं मत एकच होतं. "छान हाय. पन कोरी जागा लय सोडतेस. असा कपडा पाठवला तर व्यापारी परत धाडील." मला भयंकर राग यायचा. आणि कबूल करायला हरकत नाही, पुढे मी कोरी जागा जरा कमीच सोडू लागले.

"वल पायजे, पोरी. हवा सुकली का तार तुटते," हे त्यांचं पालुपद. तार म्हणजे लुमावरचं सूत. ते तुटू नये म्हणून कारखान्यात खिडक्या लावून घेतात आणि जमिनीवर पाणी मारतात. चाचांच्या लेखी सुताला जे मानवतं ते झाडाला मानवतंच. मी समोर असले की जमीन ओली करू द्यायची नाही, त्यामुळे निभावत होतं.

मग परीक्षा आल्या. दहा-बारा दिवस मला शेडकडे फिरकता येणार नव्हतं. ठाण्यातलं माझं पहिलं प्रदर्शन तोंडावर होतं, वर्षभराची जलरंगातली चित्रं भिंतीशी गठ्ठा करून ठेवलेली. "तू बिनघोर जा," चाचा म्हणाले. "मी हाय ना!"

परत येऊन दार उघडलं तर आतून दमट वाफच अंगावर आली. खिडक्या बंद, जमीन चिंब. चाचा दिवसातून दोनदा पाणी मारत होते. झाडं अशी माजली होती की बघत राहावं. "बघ, सात नंबरला केवढा कोंब आलाय!" ते आनंदाने ओरडले. मी गठ्ठा उघडला. वरपासून खालपर्यंत कागदावर तपकिरी ठिपके. बुरशी.

माझा तोल गेला. "तुमचा कारखाना बंद झालाय, चाचा! इथे लूम नाही, सूत नाही, काही नाही! उद्यापासून येऊ नका."

एरवी त्यांना एक गोष्ट तीनदा सांगावी लागायची. ही त्यांनी पहिल्या सांगण्यातच ऐकली. फडकं पिळून दोरीवर टाकलं, डबा उचलला आणि गेले.

प्रदर्शन रद्द झालं. मुलगा येऊन जागा खाली करायला सांगणार, याची मी रोज वाट बघत होते. तो आला नाही. आठवडाभर राग पुरला, मग स्वतःचीच लाज वाटू लागली. तिसऱ्या आठवड्यात मी हिय्या करून त्यांच्या घरी गेले.

सुनेने दार उघडलं आणि ती घाबरलीच. "मॅडम, तुम्ही इथे? अब्बा तर तुमच्याकडेच आहेत ना? सातलाच निघाले डबा घेऊन. बरं नाही का त्यांना?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी त्यांना हाकललं हे घरात कळलं असतं, तर संध्याकाळच्या आत शेडला गोडाऊनचं कुलूप लागलं असतं. "आहेत की! बरे आहेत," मी म्हणाले. "मी इकडून चालले होते, म्हटलं डोकावावं." तिने चहा केला. तो कसाबसा संपवून मी चाचांना शोधायला निघाले.

चाचा एसटी स्टँडवर सापडले. मांडीवर डबा घेऊन बाकावर बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत. मला पाहताच पहिला प्रश्न, "घरी काय बोललीस तर न्हाय?"

"नाही."

"मग ठीक."

मी भर स्टँडवर रडले. "चाचा, चुकलं माझं. चला."

"तुझं कसलं चुकलं? मालकाच्या हातनं कारागिराचा माल खराब झाला, तर मालकानं कुठल्या तोंडानं कारखान्यात यायचं?" त्यांनी मांडीवरचा डबा उचलला. मग उठले. "चल. झाडांना पानी घातलंस का उपाशी मारलीस?"

त्यानंतर चित्रं पत्र्याच्या कपाटात गेली, खिडक्या उघड्या राहिल्या आणि तीन नंबर चाचांनी आपल्या हातांनी हलवून मला उजेड दिला. आणखी दोन वर्षं ते आले. यंदा ईद झाली आणि आठवड्याभरात किरकोळ तापाचं निमित्त होऊन गेले.

मी भेटायला गेले तेव्हा मुलगा दारातच बसला होता. "जागेची काळजी करू नका, मॅडम. राहू दे तुमच्याकडेच," तो म्हणाला. "माझ्याशी भांडले, बिछान्याला खिळले तरी भांडले, पण तुमचं नाव काढलं की खूश. इतक्या दिवसांत तुमच्याकडे एक खाडा केला नाही त्यांनी."

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही."