सातची सुई

आमच्या मांजरीला शुगर निघाली हे मी शेजारणीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली नाही. तिने हातातलं सूप खाली ठेवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुह्या सासूले होती थेच शुगर?" मी म्हटलं, हाव, तीच. मग मात्र तोंडाला पदर लावून ती भिंतीला टेकून हसली. "माय वं, सासू गेली अन् दुखणं मांजरीच्या नावावर करून गेली." एरवी मीही हसले असते. पण मी नुकतीच अकोल्याहून पॅसेंजरमध्ये उभ्याने, टोपलीत मांजर घेऊन आले होते.

मांजर सासूबाईंचीच. मलकापुरातल्या आमच्या घरी, त्यांच्या खाटेखालीच ती जन्मली आणि पुढे त्याच खाटेवर पायथ्याशी झोपत राहिली. सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणाला होत्या. दिवसातून दोनदा इन्सुलिन, आणि ते मीच द्यायचं, कारण लेकाचा हात थरथरतो आणि लेकी लांब नांदतात. पुढे पुढे जेवणही माझ्याच हातून. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की त्या तोंड मिटून घ्यायच्या. येणारे-जाणारे म्हणायचे, केवढी माया आहे सुनेवर. मला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. त्या मायेपायी मी सोनाळ्याला, माझ्या माहेरी, एक रात्रही मुक्कामाला राहू शकत नव्हते. सकाळची सुई देऊन निघायचं, संध्याकाळच्या सुईला परत यायचं. याला उंबरा शिवून येणं म्हणतात, माहेरपण नाही म्हणत.

श्रावणात सासूबाई गेल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तेरावं झाल्यावर मी फ्रिजच्या दारातली इन्सुलिनची जागा ओल्या फडक्याने पुसली आणि मायला फोन केला. "या अखाजीले येतो," म्हटलं, "चार दिवस राह्यतो." अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या भागात लेकी माहेरी जातात. अंगणातल्या कडुलिंबाला झोके बांधतात, आंब्याचा रस होतो, दुपारभर गाणी चालतात. माझा झोका किती अखाज्या रिकामा गेला ते माय मोजत होती की नाही, ठाऊक नाही. ती फक्त म्हणाली, "ये बाई. आता अखाज्या तरी किती राह्यल्या माह्या."

मग थंडी पडली आणि मांजर पाणी पिऊ लागली. मोरीतल्या बादलीवर पुढचे पाय टेकवून ती लपलप पीत राहायची. खायची भरपूर, तरी पाठीचा कणा हाताला लागायचा. जागोजागी मुतून ठेवायची, आणि त्यावर मुंग्या यायच्या. मुंग्या पाहिल्या तेव्हाच मी ओळखलं. हे सगळं मी याच घरात, याच फरशीवर एकदा पाहिलेलं होतं. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी बैलांच्या आणि शेळ्यांच्या गर्दीतून तिला तपासलं आणि सरळ सांगितलं, अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे रक्त तपासल्यावर कळलं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, हिला आम्ही गोडधोड कधी दिलं नाही हो. त्या म्हणाल्या, मांजरांना गोड चव कळतच नाही. जिला गोड ठाऊक नाही तिला शुगर, आणि जिला माहेर हवं तिच्या हातात पुन्हा सुई. येताना गाडीत मी रडले. मांजरीसाठी नाही, स्वतःसाठी रडले.

नियम डॉक्टरीणबाईंनी समजावून दिले होते. सकाळी सात, संध्याकाळी सात. दूधभाकर बंद, मांस नाहीतर अंडी. आधी खाणं, मग सुई. पोटात काही नसेल तर सुई टोचायचीच नाही, साखर एकदम उतरते आणि जनावर हातचं जातं. तसं झालंच तर साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं. हे शेवटचं मला ऐकण्याची गरज नव्हती. सासूबाईंच्या वेळी मी ते दोनदा केलं होतं.

आमच्या घरात अंडंही शिजत नाही. मागच्या अंगणात जुना स्टोव्ह काढला, वेगळं भगुनं केलं आणि नाकाला पदर लावून मी कोंबडीचे तुकडे उकडू लागले. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवतात म्हणतात. आमची म्हातारपणीही सात घरं फिरत होती. एका घरी दूध, दुसऱ्या घरी खारी, तिसऱ्या घरी शेवभाजीतली शेव. ते सगळं थांबवायचं म्हणजे तिला कोंडायचं. तिला कोंडायचं म्हणजे दारं-खिडक्या लावायच्या, आणि दार लावून बसणारी मी. मलकापुरात फाल्गुन लागला की भिंती तापतात. कूलर गरम हवा फेकायचा, मांजर दाराशी बसून ओरडायची आणि मी आतून तिच्यावर ओरडायचे. "ओरड मेले, मलेही जायचंच हाय बाहीर." भाजीला गेले तरी डोळा घड्याळावर. हळदीकुंकवाला गेले तर वाण हातात पडायच्या आधी उठायचे. बायका एकमेकींकडे बघून हसायच्या, ते मला कळत होतं.

आमचे हे जिनिंगमध्ये काट्यावर असतात. कापसाच्या गाड्या मोजणारा माणूस, अर्धा किलो इकडचा तिकडे होऊ देत नाही. पण सुई म्हटली की त्यांच्या कपाळावर घाम. फाल्गुनातच माय ओसरीवरून घसरून पडली, कमरेला मार लागला, आणि मला एका रात्रीसाठी तरी जाणं भाग होतं. मी यांना समोर बसवलं आणि वांग्यावर सुई टोचायला शिकवलं. चार वांगी टोचून झाल्यावर हात स्थिर झाला. मग मांजरीच्या मानेची सैल कातडी चिमटीत कशी धरायची ते दाखवलं. निघताना दहादा बजावलं, "सात म्हंजे सात. उशीर नोको."

जळगाव जामोदला गाडी बदलून दुपारी सोनाळ्याला पोचले. माय खाटेवर होती. मला पाहून तिने उठायचा प्रयत्न केला आणि कण्हली. मी तिची कंबर शेकली, तेल चोळलं. सातला यांचा फोन आला. "देल्ली. ठोक सातले." आवाजात गाडी मोजून पावती फाडल्याचा थाट होता. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि वहिनीसोबत भाकरी टाकायला बसले.

तासाभराने पुन्हा फोन. "ही पाय झटकून राह्यली. मान टाकली तिनं. हाक मारली तं पाहूनही नाही राह्यली."

"खाल्लं होतं काय तिनं?"

"सुई तं ठोक सातलेच देल्ली."

"मी विचारून राह्यली, सुईच्या आधी खाल्लं होतं काय?"

"ताटली समोर ठेवली होती. तिनं तोंड नाही लावलं. दाराकडेच पाहत बसली होती. तू म्हणली होती सात म्हंजे सात."

पीठ लागलेल्या हातात फोन तसाच धरून मी म्हटलं, साखरेचं पाणी करा, बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका. यांनी विचारलं, "साखर कोठी हाय?"

आता हे सांगायला हवं. सासूबाई चोरून साखर खायच्या. हलता येत होतं तोवर रांगत का होईना फडताळापर्यंत पोचायच्या. म्हणून मी साखर मेथ्यांच्या डब्यात ठेवू लागले. त्यांना मेथ्यांचा तिटकारा होता, त्या डब्याला हात लावला नसता. त्या गेल्यावरही साखर तिथेच राहिली, सवय म्हणून. यांचा चहा मीच करते, साखर मीच घालते. जन्म या घरात गेला तरी या माणसाला साखर कुठे असते ते माहीत नव्हतं. फोनमधून मला एकामागून एक झाकणं पडल्याचे आवाज येत होते.

"मेथ्यांचा डब्बा," मी ओरडले. "वरच्या फळीवर, मेथ्यांचा."

"मेथ्या काऊन? साखर पाह्यजे म्हणली ना तू."

"उघडा आधी."

झाकण उघडल्याचं ऐकू आलं. मग भांड्यात चमचा. इकडे वहिनीने तवा उतरवला होता, भाऊ दाराशी उभा होता, आणि माय खाटेवरून माझ्याकडे बघत होती. मी तिच्यासाठी आले होते आणि त्या घटकेला ती मला दिसतही नव्हती. शेवटी हे म्हणाले, "चाटून राह्यली माहं बोट." त्यांचा आवाज रडका झाला होता. मग मांस पुढे केलं तर खाईना. मी म्हटलं, फोन तिच्या कानाशी धरा. आणि अख्ख्या माहेरासमोर, पिठाच्या हातांनी, मी "ये ये ये, खा माय, खा बरं" असं सुरू केलं. सासूबाईंना भरवताना म्हणायचे तेच शब्द. यांनी सांगितलं, खाते आहे. भाऊ हसला. वहिनीही हसली. मला इतका संताप आला की फोन फेकून द्यावासा वाटला. माझ्या आवाजावर जेवणारी एक खाटेवरून गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. पहाटेच्या पहिल्या गाडीने मी परत आले. निघताना माय एवढंच म्हणाली, "अखाजीले तरी ये."

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते साखर काढून काचेच्या बरणीत भरायचं. बरणी समोरच ठेवली, कुणालाही दिसेल अशी. दुसरं काम, मांजरीला यांच्या हातून खायची सवय लावायचं, ते मात्र जमलं नाही. रोज संध्याकाळी यांना ताटली घेऊन बसवायचे आणि मी मागच्या पायरीवर, नजरेआड बसायचे, श्वासही हळू घ्यायचे. आतून यांचं "खा नं वं, खा" चालायचं. मग थोड्या वेळाने, "ये बाई. तुहीच वाट पाहून राह्यली." मला उठावं लागायचं. चैत्र असा गेला.

सासूबाईंनंतरची ही पहिली अखाजी. सकाळी त्यांच्या नावाची घागर भरली, वर आंबा ठेवला, रसपोळीचं ताट दाखवलं. मांजर त्यांच्या रिकाम्या खाटेवर झोपली होती. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, आता सोडा. मग यांना वाढलं, भांडी घासून पालथी घातली, थर्मासमध्ये बर्फ भरला, इन्सुलिनची बाटली पिशवीत गुंडाळून आत ठेवली. सुया, उकडलेल्या मांसाचा डबा, एक पातळ. आणि भाजीच्या टोपलीत मांजर, वरून जुन्या लुगड्याची घट्ट गाठ. हे म्हणाले, "लोक हसतीन." मी म्हटलं, "हसू द्या."

गाडीत एका म्हातारीने विचारलं, टोपलीत काय, आंबे का? तेवढ्यात टोपली ओरडली. म्हातारी सरकून बसली.

सोनाळ्यात अंगणातल्या लिंबाला झोका बांधलेला होता. वहिनीच्या नणदा म्हणून माझ्या दोन चुलतबहिणी आल्या होत्या, दोघींच्या कडेवर नातवंडं. माय काठी टेकत दारात आली. तिने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पाणी टाकलं, आणि मग टोपलीकडे पाहिलं. टोपलीच्या फटीतून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. मायने टोपलीवरूनही तुकडा ओवाळला.

"आली का बाई," ती म्हणाली, "सासूले घेऊन?"

सगळ्या हसल्या. यावेळी मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते पदराने पुसून टाकलं.

सातच्या आधी मी मांजरीला घेऊन धान्याच्या खोलीत शिरले. नवी जागा, बाहेर कुत्री. दार उघडं ठेवलं असतं तर ती गावामागच्या सातपुड्यातच सापडली असती. खोलीत खिडकी नाही. पोत्यांचा वास आणि उकाडा. बाहेर झोका करकरत होता, गाणं सुरू झालं होतं, आणि वहिनी हाका मारत होती, "या नं ताई, तुमचा नंबर हाय." मांजर पोत्यांमागे जाऊन बसली. मी ताटली पुढे सरकवली, मागे घेतली, पुन्हा सरकवली. इतक्या वर्षांनी मी अखाजीला माहेरी आले होते आणि दाराला आतून कडी लावून जमिनीवर बसले होते.

दार वाजलं. माय होती. मी तिला पटकन आत घेतलं. ती कंबर धरून हळूच खाली बसली आणि दार उघडू नये म्हणून त्याला पाठ लावली. म्हणाली, "जेवली?"

"नाही. माही वाट पाह्यते मेली, अन् मी समोर हाय तं जेवत नाही."

"तुही सासू जेवत होती का लवकर?"

"नाही."

मायने माझा हात हातात घेतला आणि बोटांवरच्या भाजल्याच्या जुन्या खुणा चाचपून पाहू लागली. ही कशाची, ही कधीची, असं विचारत राहिली. मी सांगत राहिले. लग्नानंतर आम्ही दोघी अशा बसलोच नव्हतो. तेवढ्यात पोत्यांमागून मांजर बाहेर आली, ताटली हुंगली आणि एक तुकडा उचलला. मी घाईने दुसरा तुकडा पुढे केला, म्हणजे आटपेल, सुई होईल, झोक्यावर जाता येईल. मायने माझा हात मागे ओढला.

"खाऊ दे तिले हळूहळू," ती म्हणाली. "तिले घाई नोको करू."