रुंद लेन्स, अरुंद खिडकी

सांगलीला आमच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर माझं उजवं कोपर टांगलेलं आहे. फोटो दादाच्या लग्नाचा. त्यात चुलत-मावस सगळे आहेत, बँडवाला आहे, कुणाचं तरी रडकं पोर आहे. सख्ख्या धाकट्या भावाचं मात्र नुसतं कोपर! तेव्हापासून माझा दादावर राग आहे. (मी राग जपून वापरतो, म्हणून टिकतो.)

पुढे मी सौदीत जुबैलला आलो. बांधकामाच्या परांच्या बांधता बांधता, घासाघीस करत त्या पुरवण्याचा स्वतःचा धंदा उभा केला. दादा रियाधला बँकेत, एसीत. यंदा आई व्हिजिट व्हिसावर आली आणि म्हणाली, "दोघं एका देशात राहता आणि तोंडं बघत नाही. परत जायच्या आधी मला सगळ्यांचा एक फोटो पाहिजे. फोनमधला नको, भिंतीवर लावायचा!"

"मी काढतो!" मी लगेच म्हणालो. कुणाचं कोपर दिसावं, हे आता माझ्या हातात होतं.

आमच्या शेजारचा कुरियन नोकरी संपवून केरळला निघाला होता, सामान विकत होता. त्यात एक देखणा, फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर कॅमेरा होता आणि त्याला चिमुकली अतिरुंद लेन्स. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं, शेजारच्या छोट्या खिडकीतून बघायचं. कुरियनने कॅमेऱ्याच्या डोक्यावर खोचायची आणखी एक काचेची डबी पुढे केली.

"भाई, ये फाइंडर भी लेना. लेन्स बहुत चौडा है. खिडकी में उतना नई दिखता."

"एक आँख के लिए दो चश्मे? निकालो ये! दाम कम करो!"

"भाई, प्रॉब्लेम होगा."

"नहीं चाहिए. खलास!"

कुरियनने डबी खिशात घातली. त्याच्या चेहऱ्यावर दया होती. मी ती हार समजलो.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे समुद्रावर. आई मधोमध खुर्चीत, मागे दोघी सुना, पायाशी पोरं आणि दादा पार टोकाला. ऊन माझ्या पाठीवर. मी खिडकीला डोळा लावला आणि हळूहळू पुढे सरकत गेलो. आधी दादाचा खांदा गेला, मग चष्मा, मग दादाच संपला!

"बाळ्या, किती जवळ येतोस? मी येतोय ना रे?"

"एकदम झकास!"

"सगळे आले का?" आईने विचारलं.

"सगळे, आई! हलू नका!"

(कोपरसुद्धा राहिलं नव्हतं. मी खात्री केली.)

आई निघायच्या आदल्या दिवशी जवळच्या खोबर शहरातल्या लॅबमधून फोटो आले. पाकीट मी सगळ्यांसमोर फोडलं. सूड घ्यायचा तर प्रेक्षक हवेत.

खिडकीत संपलेला दादा फोटोत होता; लेन्सला खिडकीपेक्षा बरंच जास्त दिसत होतं. नुसता नव्हता, पसरला होता! ही लेन्स टोकाची माणसं ताणून रुंद करते, हे मला कोण सांगणार? (कुरियन सांगत होता.) काडीसारखा दादा पैलवान झाला होता. त्याच्या एका हातात आईच्या चपला, दुसऱ्या हातात माझी कॅमेऱ्याची पिशवी. ती मी ओल्या वाळूत टाकली होती, त्याने उचलून धरली होती. दुसऱ्या टोकाला एक मांजर आमच्या डब्यातलं शेवटचं थालीपीठ पळवत होतं. (ते दादानेच खाल्लं असं समजून मी घरी येईपर्यंत गाडीत धुसफुसत होतो!)

"बाबा, यू आर ऑल्सो देअर!" माझी मुलगी किंचाळली.

खाली वाळूवर माझी सावली पसरली होती. दोन्ही कोपरं बाहेर काढून, थेट आईच्या पायांपर्यंत.

दादा पोट धरून हसला. "बाळ्या, जन्मात पहिल्यांदा मला छाती आली! मला एक कॉपी दे."

"देतो! आणि माझ्या लग्नातल्या कोपराचं काय?" मी फुटलोच.

"तुझ्या? लग्न त्याचं होतं," आई म्हणाली. "फोटोग्राफर खोळंबला होता आणि तू मांडववाल्याशी हुज्जत घालत होतास. हा मुंडावळ्यांसकट तुला बोलवायला खाली उतरला! तू म्हणालास, 'थांब, आत्ता भाव पाडतोय तो!' शेवटी तुला ओढून आणलं तर कडेपर्यंतच आलास."

दादाने चष्मा पुसला. "पाडला का रे शेवटी त्याने भाव?"

"पाडला," मी म्हणालो. सांगताना मान थोडी ताठच झाली. मग दादाला सगळ्यात मोठी कॉपी करून दिली.

परवा आईचा व्हिडिओ कॉल आला. नवा फोटो जुन्याच्या शेजारी लागला होता आणि ती शेजारच्या काकूंना दाखवत होती, "हा थोरला, अंगाने भरलाय जरा. या सुना, ही नातवंडं."

"आणि धाकटा कुठाय?"

"तो काय, वाळूत आडवा पडलाय."

असू दे. कोपरापासून सुरुवात करून मी पूर्ण उंचीच्या सावलीपर्यंत आलो आहे. आणि तेसुद्धा फाइंडरचे पैसे वाचवून!