उजेडकाकांच्या लेखात काय राहून गेलं

गल्लीत त्यांना सगळे उजेडकाका म्हणत. दारात कुणी बोलायला आलं, तरी काका त्याला खांद्याला धरून हळूच उजेडाकडे वळवणार आणि मगच ऐकणार. उभी हयात कॅमेरे दुरुस्त करण्यात गेली. दुकान बंद केल्यावर ते एका साप्ताहिकात मोबाइलवर चांगला फोटो कसा काढावा, यावर लेख लिहू लागले. हे सुख देवाने आपल्या म्हातारपणासाठी राखून ठेवलं होतं, असं ते मनापासून मानत.

आणि नेमका त्यावरच घाला आला. संपादकांचा फोन आला.

"काका, वाचक म्हणतात, तुम्ही सांगता तसं सगळं करतो, तरी फोटो धुरकट येतो. पुढच्या लेखानंतरही हेच असेल, तर त्या जागी शब्दकोडं टाकावं लागेल. राग मानू नका."

काकांचा चेहरा पडला. उजेड, सावली, अंतर, हात स्थिर कसा ठेवायचा, सगळं तर लिहून झालं होतं. मग घोडं पेंड खात होतं कुठे?

त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची. ताईचा मोबाइल लेकीशी बोलण्यापुरता. फोटोच्या वाटेला ती कधी गेलीच नव्हती. काका नवा लेख घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"ताई, हे वाच आणि अगदी तसाच माझा फोटो काढ. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही."

"तू? बोलणार नाहीस? देवा, ऐकतोयस ना रे!"

ताई कणीक मळत होती. तिने हात फडक्याला पुसल्यासारखे केले, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचत एकेक करत गेली. काकांना खिडकीकडे तोंड करून बसवलं, कोपरं अंगाशी धरली, श्वासही रोखला. काका ओठ घट्ट मिटून बसले होते.

फोटो आला. ताईने तो लांब धरून पाहिला.

"छान! सगळीकडे नुसतं धुकं. स्वर्गात पोचल्यासारखा दिसतोस."

काकांनी मोबाइल उलटा केला. भिंगावर तेलकट बोट उमटलं होतं.

"अगं, आधी भिंग पुसायचं नाही का?"

"लिहिलंयस कुठे?"

काकांनी लेख वरपासून खालपर्यंत पाहिला. मग मागचेही काढले. खरंच, कुठेच नव्हतं. कॅमेरा हातात आला की मऊ फडकं भिंगावरून आपोआप फिरायचं. ते त्यांना कधी काम वाटलंच नव्हतं. आपला हात काय करतो ते आपल्याला दिसत नाही, म्हणूनच देव घरात दुसरी माणसं देत असावा.

तयार लेख बाजूला ठेवून त्यांनी दुसरा लिहिला, सगळा त्या एकाच गोष्टीवर.

"एवढंच? पुसा?" संपादकांनी विचारलं.

"एवढंच. छापून तर बघा."

लेख आला आणि काका दिसले की कोपऱ्यावरचा वाणी मोबाइल सदऱ्याला पुसून दाखवू लागला. "काका, नातू आता ओळखू येतो हो!" साप्ताहिकाकडे वाचकांचे स्वच्छ फोटो येऊ लागले. शब्दकोड्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. संपादकांचा फोन आला तो पुढचा लेख कधी देताय, हे विचारायला.

आता प्रत्येक कच्चा लेख आधी ताईपुढे जातो. परवाच्या लेखात होतं, "लहान मुलाचा फोटो काढताना त्याच्याएवढं खाली बसावं."

ताई म्हणाली, "बसेन रे. उठवणार कोण?"

काका खो-खो हसले आणि तिथेच ओट्यावर कागद ठेवून त्यांनी पुढे लिहिलं, "बसण्याआधी शेजारी भक्कम खुर्ची ठेवावी. उठताना आधार होतो."